कम

खलफान साहेब मागच्या सीटवरून विचारतात, "कम?"
अरबीत कम म्हणजे किती.
पहिले दोन महिने मला वाटायचं, म्हणतायत कमी कर,
आणि मी एसी कमी करायचो,
मग रेडिओ,
मग वेग.
म्हातारा घामाघूम, पण बोलला नाही काही.
आकडा मात्र सुधारला.
तेव्हापासून त्यांचा माझ्यावर भरवसा.

"सोळा पॉइंट दोन," मी सांगतो.
आदम मागे पडून तास झाला.
रस्ता असा की स्टिअरिंगला काम नाही.
डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू,
आणि खूप लांब, भर दुपारीही पेटलेली
तेलविहिरीची एक ज्योत.
एकतीस वर्षं साहेबांनी जमिनीतून तेल उपसलं.
आता वहीत लिहितात
किती लिटर, किती किलोमीटर, वारा कुठून.
पैशाचा प्रश्न नाही.
या गाडीच्या एका आरशाच्या किमतीत
आमचं अख्खं छप्पर शाकारून होईल.

विकणाऱ्याने सांगितलं होतं बावीस.
शहरात देतेही. मस्कतच्या सिग्नलला
ब्रेक दाबला की चाकांतलं पळणं बॅटरीत जातं,
पडद्यावर हिरवे बाण उलटे फिरतात.
थांबत थांबत गेलं की साठतं.
इथे थांबायचं कुणासाठी?
उंट आडवा आला तर तेवढंच.

साहेबांना हे पटत नाही.
मोकळा रस्ता, मग आकडा वर नको का जायला?
"साहेब, एकशेवीसला सगळं पेट्रोल हवा ढकलण्यात जातं."
ते लिहून घेतात. हवा.
"मग नव्वदवर ठेव."
मागून ट्रेलर हेडलाइट मारतो, हॉर्न मारतो,
शेवटी शिवी देऊन पुढे जातो.
मी ओमानमधली सगळ्यात महाग बैलगाडी हाकतोय.

हैमाच्या पंपावर ओमनकुट्टन नळी लावताना हसतो.
"हायब्रिड, हायब्रिड, तरी टाकी रिकामी?"
साहेब त्याच्याकडून पावती घेतात, घडी घालतात.

माझ्या वडिलांचा चारशे सात होता.
कराडहून साखर भरायची,
घाटमाथ्यावर बिडी संपवायची,
आणि कुंभार्ली उतरायला लागला
की इंजिन बंद, गाडी न्यूट्रल.
टेम्पो नुसता सोडून दिलेला.
मी सात वर्षांचा, पोत्याला टेकून.
वाऱ्याशिवाय आवाज नाही.
पायथ्याला दीड लिटर वाचलेलं असायचं.
एकदा ब्रेक लागलाच नाही.
खडीच्या ढिगात घुसलो, साखर रस्ताभर,
आणि वडील खाली उतरून
आधी डिझेलच्या टाकीचं झाकण बघत होते.

थुमरैत गेलं. डोंगर आला, मग उतार.
साहेबांना डुलकी लागलेली, वही मांडीवर.
मी पाय ब्रेकवर ठेवला
आणि इंजिन आपलं आपण बंद झालं.
तीच शांतता.
फक्त बिडीऐवजी चामड्याचा वास.
बाण उलटे फिरले, बॅटरीचे खण एकेक भरत गेले,
भरले. पुढचं ती घेईना.
अर्धा उतार अजून बाकी होता.
मग इंजिन पुन्हा गुरगुरायला लागलं,
थेंबही न जाळता, नुसतं गाडी आवरायला.
हे कुणीतरी वडिलांना सांगायला हवं होतं.

खाली सलालाचे दिवे लागले होते.
साहेब जागे झाले. "कम?"
पडद्यावर नव्व्याण्णव पॉइंट नऊ.
त्याच्या वर आकडाच नाही तिला.

"पुष्कळ," मी मराठीतच म्हणालो.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं,
पानावर तारीख टाकली.
"कम?"